घराचा भार कोणी वाहायचा? : मादेइरातले बंगले आणि हॉटेले

१८६० सालच्या नोव्हेंबरअखेर ऑस्ट्रियाची बावीस वर्षांची सम्राज्ञी एलिझाबेथ, सगळ्या युरोपची 'सिसी', अटलांटिक महासागरातल्या मादेइरा बेटावर उतरली. खोकला होता, अशक्तपणा होता, आणि व्हिएन्नाच्या दरबारापासून सुटका हवी होती. प्रवासासाठी इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीने आपली शाही नौका दिली होती. बेटाची राजधानी फुंशाल. तिथे समुद्राकाठच्या उंचवट्यावर किंता विजिया नावाचा, भोवती बाग असलेला बंगला तिच्यासाठी घेण्यात आला. पुढचे पाच महिने दरबारी, दासी, नोकरचाकर अशा लवाजम्यासह ती तिथे राहिली. तेहतीस वर्षांनी, १८९३च्या डिसेंबरात, ती पुन्हा मादेइराला आली. मधल्या काळात तिने ग्रीसच्या कोर्फू बेटावर स्वतःसाठी अख्खा राजवाडा बांधून घेतला होता. पैशाची ददात नव्हती आणि एकांताची ओढ वयाबरोबर वाढलीच होती. तरी या खेपेस तिने बंगला घेतला नाही. दोनच वर्षांपूर्वी उघडलेल्या रीड यांच्या हॉटेलात ती उतरली. बाई तीच, बेट तेच, ऋतूही तोच. मग मधल्या तीन दशकांत असे काय घडले की जिला अख्खे घर घेणे सहज परवडत होते, तिलाही हॉटेल सोयीचे वाटावे?

बेटावर सुट्टीला जाताना बंगला घ्यावा की हॉटेल, हा प्रश्न आपण सहसा आवडीनिवडीचा किंवा खिशाचा मानतो. ज्याला मोकळीक हवी त्याने बंगला घ्यावा, ज्याला आयते ताट हवे त्याने हॉटेल. मंडळी जास्त असतील तर बंगला स्वस्त पडतो, दोघेच असतील तर हॉटेल, असा सरधोपट हिशेब असतो. मादेइराचा इतिहास पाहिला की हा हिशेब वरवरचा ठरतो. तिथे हा निर्णय प्रत्येक वेळी दोन गोष्टींनी ठरला: मुक्काम किती दिवसांचा आहे, आणि घर चालवण्याचा रोजचा भार कोणाच्या डोक्यावर आहे. चूल, पाणी, धुणे, सरपण, नोकर, दुखणे, प्रसंगी मृत्यू, हे सगळे त्या भारात आले. शिवाय हॉटेल हे बंगल्याचे वैरी म्हणून कुठून बाहेरून आलेले नाही. मादेइरात तरी ते बंगले भाड्याने देण्याच्या धंद्याच्या पोटीच जन्माला आले. म्हणून या दोहोंना एकाच धंद्याची दोन रूपे मानावे असे मला वाटते. त्यावर आक्षेप येऊ शकतात, आणि ते हलके नाहीत. पण आधी पुरावा पाहू.

मादेइरा हे पोर्तुगालचे बेट, लिस्बनपासून नैर्ऋत्येला सुमारे हजार किलोमीटरवर. लांबी सत्तावन्न किलोमीटर, रुंदी बावीसच्या आसपास, आणि मधोमध अठराशे मीटरवर गेलेले डोंगर. फुंशाल दक्षिण किनाऱ्यावर, उत्तरेच्या वाऱ्याला डोंगराची पाठ लावून बसलेले. ऐन हिवाळ्यातही तिथले सरासरी तापमान सोळा-सतरा अंशांच्या घरात असते. लंडनच्या धुरकट हिवाळ्यात क्षयाने खंगणाऱ्या माणसाला ही हवा औषधासारखी वाटली तर नवल नाही. जेम्स क्लार्क या डॉक्टरांनी, जे पुढे व्हिक्टोरिया राणीचे वैद्य झाले, १८२९ साली हवामान आणि जुनाट रोग यांच्यावर ग्रंथ लिहिला आणि फुप्फुसाच्या रोग्यांसाठी मादेइराला फार वरचे स्थान दिले. हवापालटाने रोग बरा होतो हा त्या काळातल्या इंग्रजांचा पक्का समज होता. त्याच १८२९ साली कंपनी सरकारने साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून खंडाळा गावाच्या बदल्यात महाबळेश्वर घेतले, ते याच समजापोटी. बेटाचा आपल्याकडचा दुवा एवढाच नाही. सुएझचा कालवा होण्याआधी हिंदुस्थानाकडे निघालेली इंग्रज जहाजे मादेइराला थांबून पाणी आणि वाइनची पिंपे भरून घेत. उष्ण कटिबंधातून हिंदुस्थानापर्यंत जाऊन परतलेली वाइन जास्त मुरते असा अनुभव होता, त्यामुळे अशा फेरी मारून आलेल्या पिंपांना वेगळा भाव मिळे. जहाजांचा राबता, इंग्रज व्यापाऱ्यांची वस्ती आणि डॉक्टरांची शिफारस असा तिहेरी योग जुळला, आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून दर हिवाळ्यात रोग्यांचे तांडे फुंशालला येऊ लागले.

ते उतरत कुठे? गावात खानावळवजा काही घरे होती, पण सहा-सात महिने काढायला आलेल्या, कुटुंबकबिल्यासह असलेल्या रोग्याला ती पुरेशी नव्हती. त्याला हवे होते घर, आणि मादेइरात घरे होती. किंता म्हणजे गावाच्या कडेचा उंच कुंपणाचा बंगला: पुढे बाग, कधी स्वतःची छोटी प्रार्थनाघुमटी, आणि भिंतीच्या कोपऱ्यावर रस्ता न्याहाळत बसायला एक चिमुकली खोली. डोंगरावरून लेवादा नावाच्या दगडी पाटांनी येणारे पाणी या बागांना पाळीपाळीने मिळे. आपल्याकडच्या बागाईतदाराला ही पाळी समजावून सांगायला नको. हे बंगले बांधले होते वाइनच्या पैशाने. इंग्रज आणि पोर्तुगीज व्यापारी गावातल्या वखारीच्या वर राहत आणि बाहेर एखादी किंता राखत. वाइनचा धंदा पुढे ढासळू लागला. १८५२च्या सुमारास द्राक्षवेलींवर भुरी पडली आणि उत्पादन जवळजवळ बसले. सावरते न सावरते तोच १८७२ साली मुळे कुरतडणारी फिलॉक्सेरा आली. कित्येक इंग्रज पेढ्यांनी बेट सोडले. मागे राहिलेल्यांच्या हाती उरले ते बंगले, आणि ते बंगले मागणारे गिऱ्हाईक दर हिवाळ्यात बोटीतून उतरत होतेच. सुट्टीच्या बंगल्याचा धंदा मौजेतून सुरू झाला अशी आपली कल्पना असते. इथे तो एका बुडत्या धंद्याच्या रिकाम्या खोल्यांतून आणि परक्यांच्या आजारातून उभा राहिला.

असा बंगला घेणे म्हणजे काय, हे जरा जवळून पाहण्यासारखे आहे. भाडे ठरे ते हंगामाचे, शरद ऋतूपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंतचे. आठवड्याला कोणी घर देत नसे, कारण आठवड्यासाठी कोणी येतच नसे. सामानासकट घर मिळाले तरी चादरी, टेबलावरची कापडे, चांदीचे काटे-चमचे यांची तजवीज वेगळी करावी लागे. स्वयंपाकी, घरगडी, माळी, धोबीण बेटावरच मिळत, पण भाषा पोर्तुगीज, आणि बाजारहाट त्यांच्याच हाती. रोगी चालू शकत नसेल तर दांडीला टांगलेली झोळी आणि ती खांद्यावर वाहणारे दोन भोई लागत. खडे गोटे घातलेल्या चढावाच्या रस्त्यांवर चाकाची गाडी फारशी चालत नव्हती, म्हणून बैलांनी ओढायच्या घसरगाड्या शतकाच्या मध्याला रूढ झाल्या. म्हणजे आजारी माणसाच्या घरच्यांनी परक्या मुलुखात अख्खा संसार मांडायचा आणि तो वसंतापर्यंत चालवायचा. हे जमले नाही तर काय होते याचे उदाहरण दुसऱ्या एका बेटावरचे आहे. १८३८च्या नोव्हेंबरात संगीतकार शोपँ आणि लेखिका जॉर्ज सां स्पेनच्या मायोर्का बेटावर आले. धड उतरायची जागा मिळेना, तेव्हा पाल्माच्या बाहेर एक बंगला त्यांनी भाड्याने घेतला. पाऊस लागला, ओल आली, शोपँचा खोकला बळावला, आणि क्षयाची वार्ता पसरताच मालकाने त्यांना घराबाहेर काढले. वर भिंती नव्याने पांढऱ्या करण्याचा आणि अंथरूण-पांघरुणाचा खर्च त्यांच्याकडूनच मागितला. स्पेनमध्ये क्षय संसर्गजन्य मानत, इंग्रज तेव्हा मानत नसत, हा फरक आहेच. पण त्याहून मोठा फरक असा की मायोर्कात मालक आणि भाडेकरू यांच्यामध्ये उभा राहणारा कोणी नव्हता. मादेइरात तसा माणूस तयार होत होता.

त्याचे नाव विल्यम रीड. स्कॉटलंडमधल्या गरीब शेतकऱ्याच्या घरचा हा पोरगा १८३६ साली, चौदाव्या वर्षी, नशीब काढायला मादेइराला आला. आधी बेकरीत राबला, मग वाइनच्या व्यापारात शिरला. पुढे पत्नी मार्गारेटच्या जोडीने त्याने एक साधी पण कोणाला न सुचलेली गोष्ट केली: हिवाळ्याला येणाऱ्या परदेशी कुटुंबांना किंता मिळवून देणे, ती सजवून देणे, लागेल ते पुरवणे. आजच्या भाषेत तो बंगल्यांचा एजंट. दलाली म्हटले की आपल्या कपाळावर आठी पडते, आणि ती पडावी असे दलाल जगात पुष्कळ आहेत. पण इथे दलालाने जे विकले त्यात भिंती आणि छप्पर हा लहान भाग होता. त्याने विकले ते घर चालवण्याचे ओझे हलके करणे. हे ओझे तो जितके जास्त उचलू लागला, तितके त्याला दिसले असणार की दहा बंगल्यांत दहा स्वयंपाकी ठेवण्यापेक्षा एका छपराखाली एकच मुदपाकखाना ठेवणे सोपे. हा तर्क माझा आहे. पण पुढचा क्रम त्याला धरून आहे. बंगल्यांच्या धंद्यानंतर रीडकडे रॉयल एडिंबरा, सांता क्लारा, कार्मो अशी हॉटेले येत गेली, आणि शेवटी फुंशालच्या पश्चिमेला समुद्रावर झुकलेल्या कड्यावर मोठे हॉटेल बांधण्याचा बेत ठरला. जॉर्ज सॉमर्स क्लार्क आणि जॉन मिकलथ्वेट हे त्याचे वास्तुविशारद. रीड १८८८ साली वारला. हॉटेल त्याच्या मुलांनी १८९१ साली उघडले. बंगल्याच्या एजंटाचा हॉटेलमालक होण्याचा हा प्रवास एका माणसाच्या आयुष्यात पुरा झाला, म्हणून तो इतका स्वच्छ दिसतो.

हॉटेल चालायला मात्र एकट्या रीडची हुशारी पुरली नसती. गिऱ्हाईकच बदलत होते. १८६५च्या हिवाळ्यात डॉक्टर श्पेंग्लर यांच्याकडे स्वित्झर्लंडमधल्या दाव्होस या थंडगार खेड्यात पहिले हिवाळी रोगी आले, आणि बघता बघता वैद्यकाची फॅशन उबदार समुद्रकाठावरून बर्फाळ डोंगरांकडे वळली. १८८२ साली रोबर्ट कोख यांनी क्षयाचा जंतू दाखवून दिला. त्यानंतर शेजारच्या खोलीतला खोकला हा केवळ दयेचा विषय उरला नाही. एकीकडे सहा महिने राहणारा रोगी कमी होत होता. दुसरीकडे दक्षिण आफ्रिकेत हिरे आणि पुढे सोने सापडल्याने केपकडे जाणाऱ्या टपाल बोटींची गर्दी वाढली होती, आणि त्या बोटी फुंशालला कोळसा भरायला थांबत. त्यांतून उतरणारा माणूस धडधाकट असे. त्याला पुढच्या किंवा त्याच्या पुढच्या बोटीपर्यंतच राहायचे असे. हंगामाचा भाडेकरार, नोकरांची भरती, चादरींची मोजदाद हे दहा-बारा दिवसांसाठी कोण करील? बंगला वाईट ठरला नव्हता. मुक्काम आखूड झाला होता, आणि संसार मांडण्याचा खर्च, पैशाचा आणि डोक्याचा, आखूड मुक्कामात वसूल होत नाही.

आता पहिला आक्षेप. एकांत हवा असणाऱ्यांना हा हिशेब लागू नाही. श्रीमंत माणूस नोकरांच्या ताफ्यासकट येतो, त्याला भाराचे काय? याचे उत्तर सिसीच्याच दोन मुक्कामांत आहे. १८६०चा तिचा बंगला एकांताचा होता असे म्हणणे कठीण. दरबार टाळायला ती आली आणि दरबाराचा एक तुकडा सोबत घेऊन आली, कारण बंगला चालवायला तो लागणारच होता. चार भिंतींच्या आत तीच माणसे, तीच जेवणाची टेबले. तिची त्या वेळची पत्रे कंटाळ्याने भरलेली आहेत. १८९३ साली पन्नाशी उलटलेली, मुलाच्या आत्महत्येने खचलेली, चेहरा पंख्याआड लपवणारी ही बाई हॉटेलात उतरते, हे वरवर विचित्र वाटते. पण भाड्याच्या घरात माणूस यजमान असतो. जेवायला कोण बसणार, कोणता नोकर रुसला, पाहुणा कधी उठणार, सगळे त्याच्याकडे येऊन थांबते. हॉटेलात तो कोणाचाच यजमान नसतो. खोलीचे दार लावले की मागचे घर दुसऱ्याचे. एकांत भिंतीने मिळतो असे आपण धरून चालतो. पुष्कळदा तो जबाबदारी नसल्याने मिळतो. सगळ्यांना हे लागू होईल असा माझा दावा नाही. लहान मुले असलेल्या घराला दार लावून एकांत मिळत नाही, त्यांना अंगण हवे. पण बंगला म्हणजे एकांत आणि हॉटेल म्हणजे वर्दळ, एवढे सरळ समीकरण इथे टिकत नाही.

दुसरा आक्षेप पैशाचा, आणि तो अधिक वजनदार आहे. बंगला स्वस्त पडतो म्हणून लोक घेतात, हे खरेच आहे. त्याची सर्वांत करुण साक्षही मादेइरातच, आणि योगायोगाने त्याच ऑस्ट्रियन घराण्याची. पहिल्या महायुद्धानंतर गादी गेलेला सम्राट कार्ल आणि त्याची पत्नी झिटा यांना विजयी राष्ट्रांनी १९२१च्या नोव्हेंबरात ब्रिटिश युद्धनौकेतून फुंशालला आणून सोडले. सुरुवातीला त्यांची व्यवस्था रीड हॉटेलला जोडलेल्या व्हिला व्हितोरियात झाली. वास्तू बंगल्याची, पण सरबराई हॉटेलची. पैसा लवकरच आटला. फेब्रुवारीत, मुलेही येऊन पोहोचल्यावर, कुटुंब डोंगरावरच्या मोंत या ठिकाणी एका किंतेत हलले. फुंशालच्या एका पेढीवाल्या घराण्याने ती त्यांना बिनभाड्याने दिली होती. घर देखणे, बाग मोठी, खाली समुद्रापर्यंतचा देखावा. पण साडेपाचशे मीटरवरच्या अशा किंता उन्हाळ्यात थंडाव्याला जाण्यासाठी होत्या; हिवाळ्यात तिथे धुके उतरून बसते. भिंतींना ओल, खोल्यांत बुरशीचा वास, शेकोटीला ओली लाकडे, नोकर मोजके, आणि सात मुले. मार्चमध्ये कार्लला सर्दी झाली, तिचा न्यूमोनिया झाला, आणि १ एप्रिल १९२२ रोजी, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, तो तिथेच वारला. मोंतच्या चर्चमध्ये त्याची कबर आहे. घर फुकट होते. फुकट नव्हते ते सरपण, कोरडी हवा आणि वेळेवर आलेला डॉक्टर. हद्दपार सम्राटाचे उदाहरण सुट्टीवर जाणाऱ्याला लावणे ही ओढाताण आहे, असे कोणी म्हणेल. परिणामापुरते ते खरे आहे. हिशेबाची रचना मात्र तीच राहते. हॉटेलच्या दरात जे गुंडाळलेले असते ते बंगल्याच्या भाड्यात उघडे पडते, आणि ते न मोजता दोन आकडे शेजारी ठेवले की बंगला नेहमीच स्वस्त दिसतो.

तिसरी बाजू बेटवाल्यांची. बंगल्याचा पैसा गावात झिरपतो, मोठे हॉटेल तो बाहेर नेते, असे आज बेटोबेटी ऐकू येते. मादेइरातला पुरावा दुहेरी आहे. किंतेच्या भाडेकरूने माळ्याला, धोबिणीला, भोयांना रोजगार दिला, पण भाडे बहुधा इंग्रज किंवा बड्या पोर्तुगीज घराण्यांच्याच खिशात गेले. हॉटेलानेही स्थानिक माणसेच कामाला लावली, आणि मालकी आधी रीड कुटुंबाकडे, १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात ब्लँडी या बेटावरच्या जुन्या इंग्रज व्यापारी घराण्याकडे गेली. खरा फरक पडतो तो आकाराचा आणि सत्तेचा. विसाव्या शतकाच्या आरंभी होहेनलोहे नावाच्या जर्मन राजपुत्राने पोर्तुगीज सरकारकडून मादेइरात क्षयरोग्यांची आरोग्यधामे उभारण्याची सवलत मिळवली. गरिबांसाठी मोफत आरोग्यधाम बांधायचे, त्याबदल्यात श्रीमंतांसाठीच्या धंद्याला सवलती आणि जमिनी मिळायच्या. कंपनीने फुंशालच्या नामांकित किंता घेतल्या, इंग्रज व्यापारी आणि त्यांचे सरकार चवताळून उठले, आणि १९०९ साली पोर्तुगालला नुकसानभरपाई मोजून ते प्रकरण मिटवावे लागले. घरोघर विखुरलेल्या बंगल्यांच्या धंद्यात दोन राष्ट्रांचे राजदूत उतरले नसते. एवढा गुण बंगल्याच्या पदरात टाकायला हरकत नाही.

सर्वांत अवघड आक्षेप आजचा आहे. आखूड मुक्कामाने हॉटेल जिंकले म्हणता, तर विमानाने चार रात्रींसाठी येणारा माणूस बंगला का घेतो? १९६४ साली बेटावर विमानतळ झाला, बोटींचा जमाना संपला, आणि सिसीची किंता विजिया पाडून त्या जागी सत्तरच्या दशकात ब्राझीलचे वास्तुविशारद ओस्कार निमेयर यांच्या आराखड्याचे भले मोठे हॉटेल आणि कॅसिनो उभे राहिले. इथवरची गोष्ट माझ्या बाजूची. पण त्यानंतर बंगले परत आले, आणि जोरात आले. माझे म्हणणे असे की परत आले ते बंगल्याचे रूप; त्याचा भार परत आला नाही. सुपरमार्केट, वॉशिंग मशीन, किल्लीची पेटी, दर मुक्कामानंतर येणारी सफाईची टोळी आणि मालकाऐवजी फोन घेणारी एजन्सी यांनी रीड दांपत्याचे काम वाटून घेतले आहे. उलट दिशेनेही तेच घडले. फुंशालमधल्या किंता जार्दिन्स दो लागो, किंता दा काझा ब्रांका, किंता दा बेला व्हिस्ता या जुन्या बंगल्यांची हॉटेले झाली. बाग, व्हरांडा, जुने फर्निचर ठेवून मागे पाहुण्यांची पूर्ण सरबराई. बंगला हॉटेलसारखा चालतो आणि हॉटेल बंगल्यासारखे दिसते.

पोर्तुगालच्या कायद्यानेही हे ओळखले. भाड्याच्या पर्यटक-घरांसाठी २००८ साली वेगळा वर्ग निर्माण झाला आणि २०१४ साली त्याला स्वतंत्र कायदा मिळाला. त्यात घर आणि हॉटेल यांच्यामधली रेघ सरळ आकड्यांनी ओढली: सर्वसाधारणपणे नऊ खोल्या आणि तीस पाहुणे यांच्या आत असेल तर ते पर्यटक-घर. पण त्या घरातही अग्निशामक नळकांडे हवे, प्रथमोपचाराची पेटी हवी, आणि तक्रारवही हवी. तक्रारवही ही हॉटेलची वस्तू; ती बंगल्यात आली म्हणजे भार कोणीतरी उचलायचा आहे हे सरकारने मान्य केले. तो किती उचलला आहे हे पाहायची जागा मात्र भाड्याच्या पावतीत आहे. बंगल्याच्या दराखाली सफाईचे शुल्क बहुधा वेगळे लावलेले असते, आणि ते रात्रीमागे नसून मुक्कामामागे एकदाच असते. तीन रात्रींच्या बिलात ते बोचते, तीन आठवड्यांच्या बिलात ते शोधावे लागते. हॉटेलच्या दरात ते पहिल्या रात्रीपासून आतच धरलेले असते.